स्नेहन-स्वेदनानंतर काय? वातव्याधींत भौतिकोपचाराचे स्थान

(अभ्यासलेख)

शहागंजातील कोणत्याही चिकित्सालयात सकाळी दोन तास बसले, तर येणाऱ्या रुग्णांत वातव्याधीचे रुग्ण किती असतात याची कल्पना येते. दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारे व्यापारी, ओझी उचलणारे हमाल, हातगाडी ओढणारे कष्टकरी, यंत्रावर वाकून शिवणारे शिंपी आणि जुन्या वाड्यांचे उंच, अरुंद जिने दिवसातून दहा वेळा चढणाऱ्या गृहिणी. कटिशूल, गृध्रसी, मन्यास्तंभ, जानुशूल, अवबाहुक आणि पक्षाघात या व्याधींसाठी समाज आजही वैद्याकडे मोठ्या विश्वासाने येतो. हा विश्वास आपल्या शास्त्राने मिळविलेला आहे.

मात्र या विश्वासाबरोबर एक जबाबदारीही येते. प्रत्यक्ष व्यवहारात आपल्यापैकी अनेकांची चिकित्सा अभ्यंग, नाडीस्वेद, बस्ती व गुग्गुळकल्प येथपर्यंत येऊन थांबते. रुग्णाला बरे वाटते, जडपणा कमी होतो; पण पंधरा दिवसांनी तो पुन्हा तीच तक्रार घेऊन उभा राहतो. पक्षाघाताचा रुग्ण तर महिनोन्‌महिने अभ्यंग करून घेतो आणि हात मात्र छातीशी आखडलेलाच राहतो. असे का होते, आणि या ठिकाणी भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, नेमके कोणते कार्य करते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदाचे महत्त्व सांगताना वाळलेल्या लाकडाचा दृष्टांत दिला आहे. स्नेह व स्वेद यांच्या योगाने शुष्क काष्ठही वाकविता येते, मग जिवंत माणसाच्या शरीराविषयी काय सांगावे, असा त्याचा आशय. हा दृष्टांत आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. तेल व उष्णता यांनी लाकूड वाकण्यास योग्य होते, आपोआप वाकत नाही. कारागिराला ते हाताने, हळूहळू, योग्य दिशेने वाकवावे लागते. स्नेहन-स्वेदन ही अंगाची सिद्धता आहे. त्या सिद्ध झालेल्या अंगाकडून काम करून घेणे हा पुढचा भाग आहे आणि तो आपल्या चिकित्सापत्रात बहुधा लिहिलाच जात नाही.

याच अध्यायात अग्नीविना होणारे दहा स्वेद सांगितले आहेत. त्यांत व्यायामाची गणना आहे, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरा आधार सुश्रुताचार्यांचा आहे. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, भग्नचिकित्सेत, हाताचा भंग सांधल्यानंतर रुग्णाने प्रथम शेणाचा गोळा हातात धरावा, नंतर मातीचा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रम दिला आहे. आजच्या भाषेत यालाच क्रमवर्धित प्रतिरोध व्यायाम म्हणतात. हलक्यापासून जडापर्यंत, आणि पुढची पायरी बळ आल्यावरच, हे दोन्ही नियम त्यात आले. गोळा रुग्णाने स्वतः धरावयाचा आहे, परिचारकाने रुग्णाचा हात दाबावयाचा नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरा आधार मात्रेचा. व्यायाम अर्धशक्तीने करावा, ही सुश्रुताची मर्यादा सर्वज्ञात आहे. भौतिकोपचारातही असाच व्यावहारिक नियम वापरतात: व्यायामाने वाढलेली वेदना चोवीस तासांत पूर्वपदावर येत असेल तर मात्रा योग्य; दुसऱ्या दिवशीही ती वाढलेलीच राहिली तर मात्रा कमी करावी.

२. भौतिकोपचाराची वाटचाल

भारतात भौतिकोपचाराचे शिक्षण पोलिओच्या संकटातून उभे राहिले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत पोलिओची साथ आली, आणि त्यानंतर परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

पोलिओच्याच संदर्भात एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेचे कार्य वैद्यांनी अवश्य जाणून घ्यावे. त्या काळी पोलिओग्रस्त अवयव प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यांमध्ये जखडून ठेवण्याची रीत होती. केनी यांनी ती झुगारून गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या लोकरी कापडाचा शेक दिला आणि त्यानंतर स्नायूंना हालचालीचे पुनःशिक्षण दिले. प्रारंभी त्यांना वैद्यकविश्वाचा तीव्र विरोध झाला; पण पुढे जखडून ठेवण्याची पद्धत मागे पडली. आधी स्वेद, मग चेष्टा, हा त्यांचा क्रम आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी स्वतंत्र राज्य परिषद निर्माण झाली, आणि २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आपल्या शहरातही एमजीएमचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे. म्हणजे योग्य तज्ज्ञ आपल्या दारापासून फार दूर नाही. रुग्ण पाठविताना तो तज्ज्ञ नोंदणीकृत आहे एवढे पाहावे; केवळ यंत्रे मांडून शेक देणारी व्यक्ती म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञ नव्हे.

३. पक्षाघात

या व्याधीत वैद्याचे पहिले कर्तव्य चिकित्सा करणे हे नसून वेळ न दवडणे हे आहे. अकस्मात तोंड वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे किंवा दृष्टी जाणे, यांपैकी काहीही घडले तर रुग्णाला तत्काळ सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे नाडीवरून किंवा लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. निवडक रुग्णांत मोठ्या वाहिनीतील गुठळी यंत्राने काढण्याची मुदत चोवीस तासांपर्यंत असते. पण जितका उशीर तितकी हानी अधिक. शहागंजातून घाटी रुग्णालय काही मिनिटांच्या अंतरावर आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तरीही रुग्ण दुसऱ्या दिवशी पोहोचतो, कारण मधले तास मालिश करण्यात किंवा ‘वारे गेले असेल, उतरेल’ असे म्हणण्यात जातात.

या काळात रुग्णाला तोंडाने काहीही देऊ नये. काढा, चाटण, पाणीसुद्धा नाही. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते श्वासमार्गात जाते. नस्यही करू नये. लक्षणे प्रथम किती वाजता दिसली, किंवा रुग्ण शेवटचा पूर्णतः ठीक कधी होता, ती वेळ कागदावर लिहून द्यावी. ही एक ओळ रुग्णालयातील चिकित्सकाला अत्यंत मोलाची असते.

प्राणावरील संकट टळल्यावर भौतिकोपचाराचे कार्य सुरू होते. येथे घाईही नको आणि आळसही नको. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील २१०४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांतच वारंवार व अधिक मात्रेत रुग्णाला उठविण्या-चालविण्याचा प्रयोग केला गेला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्याचा परिणाम अधिक चांगला न होता उलट कमी अनुकूल ठरला. म्हणून पहिल्या दिवसाचा निर्णय रुग्णालयावर सोडावा. त्यानंतर मात्र दिवस वाया घालवू नयेत. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढेही सुधारणा होते, पण तिला कष्ट अधिक पडतात.

घरी आलेल्या रुग्णाच्या बाबतीत वैद्याने पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

• लुळा हात कधीही ओढू नये. रुग्णाला उठविताना नातेवाईक काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढतात. त्याने शिथिल झालेला खांद्याचा सांधा निसटतो व कायमचा शूल मागे लागतो. बसलेल्या स्थितीत तो हात उशीवर आधारलेला असावा.

• अंथरुणातील रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. पाऊल खाली लटकू नये यासाठी आधार द्यावा.

• लुळा पाय एकाएकी सुजला, पोटरी दुखू लागली व ऊन लागू लागली, तर त्या पायाचा अभ्यंग तत्काळ थांबवावा. खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते व ती मर्दनाने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा.

• अभ्यंगानंतर लगेच, अंग मऊ असताना, रुग्णाने स्वतः प्रयत्न करावा. हात हलत नसला तरी ‘हलव’ असे मनाशी म्हणत दुसऱ्या हाताच्या साहाय्याने हालवावा. खुर्चीवरून उठणे-बसणे, वजन दुबळ्या पायावर घेणे, पेला उचलणे अशा नित्याच्या क्रिया अनेक वेळा कराव्यात.

शेवटच्या मुद्द्यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. मेंदूतील दुखावलेल्या भागाचे काम शेजारचे भाग काही अंशी उचलतात, पण ते पुनरावृत्तीने. जो हात वापरला जात नाही त्याचा मेंदूला विसर पडतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या, हाताची थोडी हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णांचा चांगला हात दोन आठवडे बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून काम करून घेतले. त्यांची सुधारणा इतरांपेक्षा अधिक झाली व ती वर्षभरानंतरही टिकलेली दिसली. परिचारकाने केलेल्या शंभर मर्दनांनी जे साधत नाही ते रुग्णाने स्वतः केलेल्या हालचालींनी साधते, हा याचा अर्थ.

४. गृध्रसी व कटिशूल

कंबर धरली की ‘महिनाभर पडून राहा’ असा सल्ला पूर्वी सर्वच चिकित्सक देत असत. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन दिवसांची व सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली गेली. ज्यांना दोनच दिवस सांगितले होते ते इतरांइतकेच बरे झाले आणि त्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. हे रुग्ण नसांच्या दुर्बलतेची लक्षणे नसलेले होते. आज साध्या कटिशूलात शक्य तितके हिंडते-फिरते राहणे हाच सर्वमान्य सल्ला आहे. गृध्रसीचेही बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत सुधारतात. हमालाला ‘ओझे उचलू नको’ एवढे सांगून त्याचे पोट भरत नाही. ओझे अंगाजवळ धरून, गुडघे वाकवून, कमरेत पीळ न देता कसे उचलावे हे शिकविणे, आणि पाठ-पोटाचे स्नायू बळकट करणे, हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम आहे.

परंतु पुढील लक्षणे असता कटिबस्ती, कर्षण किंवा अंगमर्दन यांपैकी काहीही सुरू करू नये: मूत्र अडणे किंवा नकळत होणे, गुदाभोवती व मांड्यांच्या आतील भागात बधिरता, दोन्ही पायांत दुर्बलता, पाऊल लटकणे. पहिली तीन लक्षणे त्याच दिवशी शस्त्रक्रियेची गरज दर्शवू शकतात. तसेच ज्वर, वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना किंवा पूर्वी कर्करोग झाल्याचा इतिहास असल्यास मणक्याचे चित्र काढल्याखेरीज चिकित्सा नको. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजूनही आढळतो, हे विसरू नये. मानेच्या विकारात हाताने बटणे लावता न येणे व चालताना पाय अडखळणे ही मज्जारज्जूवर दाब असल्याची चिन्हे आहेत. तेथे मानेला झटका देणे हा अपराधच होय.

५. अवबाहुक

खांदा आखडण्याचा विकार मधुमेहींत विशेष आढळतो. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा तपासावी. हा विकार बहुधा एक ते तीन वर्षांच्या कालावधीत हळूहळू ओसरतो, हे रुग्णाला प्रथमच सांगावे. अन्यथा तो दर महिन्याला चिकित्सक बदलतो. तीव्र वेदनेच्या काळात जोराने हात वर नेऊ नये. पुढे वाकून हात लोलकाप्रमाणे झुलविणे, भिंतीवर बोटांनी चढणे, पाठीमागे पंचा धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढणे, हे व्यायाम स्वेदनानंतर दिवसातून दोन-तीन वेळा करवावेत. एका झटक्यात खांदा ‘मोकळा’ करून देणाऱ्यांपासून रुग्णाला सावध करावे.

६. जानुसंधिगत वात

गुडघ्याच्या विकारात औषधाइतकेच महत्त्व मांडीच्या पुढील स्नायूला आहे. तो दुबळा झाला की सांध्यावरचा भार वाढतो. दुखते म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू आणखी क्षीण होतो. हे चक्र तोडण्यासाठी तीन सोपे व्यायाम पुरेसे आहेत. गुडघ्याखाली गुंडाळलेला पंचा ठेवून तो पाच सेकंद दाबणे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणे. प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ, आणि बळ वाढेल तशी संख्या वाढवावी. सुश्रुताचा गोळा येथे आठवावा. स्थूल रुग्णाने वजन कमी केल्यास वेदना निश्चित कमी होते.

ध्येय रुग्णाच्या जीवनातील असावे. एखाद्या आजीला पंगतीत मांडी घालून बसावयाचे असते, एखाद्या चाचांना नमाजासाठी गुडघे टेकावयाचे असतात, कोणाला दुसऱ्या मजल्यावरील घर गाठावयाचे असते. ‘किती अंश वाकते’ यापेक्षा हे प्रश्न रुग्णाला व्यायामास अधिक प्रवृत्त करतात. जे साध्य नाही तेथे खुर्चीवर बसून प्रार्थना करण्यास सांगावे; त्यात कमीपणा नाही.

७. स्वेदनापूर्वी एक परीक्षा

मधुमेही रुग्ण चरकाने अस्वेद्यांत गणले आहेत. त्याचे कारण आज आपल्याला प्रत्यक्ष दिसते: बधिर पायाला उष्णता कळत नाही व भाजल्याचे लक्षात येते तेव्हा फोड आलेला असतो. म्हणून स्वेदनापूर्वी डोळे मिटावयास सांगून कापसाचा स्पर्श व कोमट-थंड यांतील भेद कळतो का ते पाहावे. कळत नसेल तर पिंडस्वेद, गरम पाण्याची पिशवी, शेकण्याचे विद्युत्‌यंत्र, सर्व वर्ज्य. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बधिर बाजूलाही हाच नियम लावावा. या परीक्षेला एक मिनिट लागतो.

८. औषधविक्रेत्यांसाठी

रुग्ण अनेकदा वैद्याच्याही आधी औषधालयात येतो. त्यामुळे विक्रेत्या बंधूंचे उत्तरदायित्व मोठे आहे.

काठी विकताना तिची उंची मोजून द्यावी: रुग्ण सरळ उभा असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी आणि कोपर किंचित वाकलेले राहावे. गुडघा दुखत असल्यास काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. बहुतेक रुग्ण दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि हे कोणी सांगितलेले नसते. खालचे रबर झिजले असल्यास बदलून द्यावे. कमरेचा पट्टा व मानेची कॉलर थोड्या दिवसांसाठी असतात. महिनोन्‌महिने वापरल्यास स्नायू दुबळे होतात, हे ग्राहकाला सांगावे.

गुग्गुळकल्प घेणारा रुग्ण त्याबरोबर वेदनाशामक गोळ्याही घेत आहे का, पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे विचारावे व असल्यास चिकित्सकाला कळविल्याशिवाय नवे औषध देऊ नये. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने जठरात व्रण व वृक्कांची हानी होते. एका दिवसात शूल घालविणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. अशा पुड्या विकू नयेत. आणि जो रुग्ण त्या दीर्घकाळ घेत आहे त्याने त्या एकाएकी बंद न करता चिकित्सकाच्या देखरेखीखाली थांबवाव्यात.

९. रुग्ण पाठविताना

भौतिकोपचारतज्ज्ञाकडे रुग्ण पाठविणे म्हणजे रुग्ण गमावणे, अशी भीती काही वैद्यांच्या मनात असते. अनुभव उलट आहे. चार ओळींचे पत्र द्यावे: निदान, केव्हापासून, चालू असलेली सर्व औषधे, मधुमेह-रक्तदाब-हृद्रोग आहे का, आणि आपण कोणता पूर्वोपचार कोणत्या वेळी करीत आहोत. वेळ जुळवून घेतल्यास सकाळचा अभ्यंग-स्वेद व त्यानंतरचा व्यायाम एकमेकांना पूरक होतात. जो वैद्य योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठवितो, त्याच्याकडे कुटुंब पुन्हा येते.

समारोप

तेल व उष्णता यांनी काष्ठ मऊ होते; त्यास आकार देण्याचे काम त्यानंतर करावे लागते. वैद्याने अंग सिद्ध करावे, भौतिकोपचारतज्ज्ञाने चेष्टेची दिशा व मात्रा ठरवावी, आणि चेष्टा रुग्णाने स्वतः करावी. या तिघांपैकी एकही बाजूला राहिला तर चिकित्सा अपुरी राहते.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. दुपारी जेवताना एका दुकानदाराचा हात अकस्मात लुळा पडला. पहिल्या दहा मिनिटांत आपण काय कराल, काय करणार नाही आणि कागदावर काय लिहाल?

२. पक्षाघाताच्या रुग्णाचा दुबळा पाय सुजला आहे. अभ्यंग चालू ठेवावा का? कारण द्या.

३. भग्नचिकित्सेतील तीन पायऱ्यांचा क्रम आठवून जानुशूलाच्या रुग्णासाठी चार आठवड्यांचा व्यायामक्रम लिहा.

४. आपल्या चिकित्सालयातील मागील दहा वातव्याधी-रुग्णांची पत्रे काढून पाहा. किती पत्रांवर व्यायाम लिहिलेला आहे?